मातृभाषा : एकच पर्याय निवडा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका गावात, ओसरीवर पसरलेल्या घोंगडीवर बसून, मी सत्तरी ओलांडलेल्या एका आज्जींना एका मिनिटात आठवतील तेवढ्या जनावरांची नावे घ्यायला सांगितली आणि हातातले स्टॉपवॉच सुरू केले. आज्जींनी गोठ्यापासूनच सुरुवात केली. गाय, म्हैस, बैल, रेडा, वासरू, शेळी, मेंढी, कुत्रे, मांजर अशी नावे भराभर आली. मग त्या क्षणभर थांबल्या, डोळे बारीक करून अंगणाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आडू". त्यानंतर डुक्कर, वानर, कोल्हा, गवा, अस्वल आणि पुन्हा एकदा म्हैस. मिनिट संपले.

आडू म्हणजे कन्नडमधली शेळी. आज्जींनी शेळी आधी मराठीत सांगितली होती आणि थोड्या वेळाने तीच कन्नडमध्ये सांगितली, आणि माझ्या मांडीवरच्या गुणपत्रिकेत दोनच रकाने होते : ‘योग्य’ आणि ‘पुनरावृत्ती’. या चाचणीत पुनरावृत्तीला फार महत्त्व आहे. सांगून झालेला शब्द पुन्हा तोंडात येणे ही मेंदूच्या ललाट खंडाची, म्हणजे कपाळामागच्या भागाची, देखरेख सैल पडत असल्याची एक खूण मानली जाते. म्हैस दुसऱ्यांदा आली ती पुनरावृत्तीच, याबद्दल वाद नव्हता. (म्हैस आणि रेडा ही दोन जनावरे धरायची की एक, यावर आमच्या प्रयोगशाळेत वेगळा वाद चालू आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातला कोणीही त्यात ‘एक’ म्हणणार नाही.) पण आडू कोणत्या रकान्यात टाकायचे? जनावर तेच, शब्द नवा. स्मृतीच्या कपाटात हात घालून आज्जींनी एक वेगळी वस्तू बाहेर काढली होती, की आधी काढलेलीच वस्तू दुसऱ्या कापडात गुंडाळून दिली होती? मी पेन्सिलीने रकान्यांच्या मधल्या रेषेवर एक टिंब काढले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या टिंबाने पुढचे कित्येक महिने आम्हाला कामाला लावले, म्हणून हे लिहीत आहे.

मी बंगळूरमधील एका विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात मेंदूविज्ञानात पीएचडी करते. हे माझे चौथे वर्ष. शाळा याच तालुक्यात मराठी माध्यमात झाली, बी.एस्सी. बेळगावात, आणि पुढचे शिक्षण बाहेर. घरी मराठी, बाजारात आणि एसटीत (आमच्याकडे कर्नाटक सरकारच्या लाल गाडीलाही जुनी माणसे एसटीच म्हणतात) कन्नड, शेजारच्या मुसलमान घरात दखनी, आणि आईच्या माहेरी जांबोटीकडे कोकणीच्या अंगाने जाणारी मराठी, असे माझे लहानपण गेले. त्यात विशेष काही आहे असे मला बंगळूरला जाईपर्यंत कधी वाटले नव्हते. तिथे पहिल्या आठवड्यात एका संशोधन-नोंदणीच्या संगणकीय फॉर्ममध्ये ‘मातृभाषा’ या शब्दापुढे उघडणारी यादी आली आणि खाली सूचना होती : एकच पर्याय निवडा. माझ्यापुरता प्रश्न सोपा होता; मी मराठी निवडली. परंतु आमचे सध्याचे काम ज्या वृद्धांवर चालते, त्यांच्या बाबतीत तो एकच चौकोन सगळ्या मोजमापाच्या मुळाशी जाऊन बसतो.

काम सांगायला साधे आहे. उतारवयात विसरण्याचा त्रास सुरू झाला आहे की नाही, हे पाहण्यासाठी ज्या तोंडी चाचण्या घेतात, त्या मराठी आणि कन्नड या दोन्हींत वावरणाऱ्या माणसांसाठी नीट बसवायच्या. माझ्या गाइड मॅडम म्हैसूरच्या, माझा एक सहकारी धारवाडकडचा, आणि मी; गावोगाव जायला एवढेच लोक. निष्कर्ष सांगण्याइतकी माणसे अजून तपासून झालेली नाहीत, आणि झाली तरी ते इथे आधी लिहिणार नाही. मला सांगायचे आहे ते प्रश्नपत्रिकेबद्दल.

माणसाला वस्तू दाखवायची आणि नाव विचारायचे, ही पद्धत या शास्त्राच्या उगमापासूनची आहे. 1901 मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली, तेव्हा आलोइस अल्झायमर यांनी तिला पेन्सिल, टाक, किल्ली आणि सिगार दाखवली होती. तिने नावे बरोबर सांगितली. काही वेळाने काय काय दाखवले होते असे विचारले, तेव्हा तिला आठवेना. अल्झायमर यांनी हे प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. ती कागदपत्रे पुढे हरवली आणि 1995 मध्ये सापडली. या नोंदी वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते, ती ही की विचारणारा आणि उत्तर देणारी यांची भाषा एक होती. त्या संवादात जे तुटत होते ते आजाराने तुटत होते, भाषांतराने नव्हे.

1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली एमएमएसई ही 30 गुणांची चाचणी पुढे जगभर पसरली. तीत इंग्रजी ‘वर्ल्ड’ या शब्दाची अक्षरे उलटी सांगायला लावतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, एक वाक्य लिहायला सांगतात. ज्यांनी पाटी-पेन्सिल हातात धरली नाही अशा माणसाचे या चाचणीत आपोआप गुण जातात, आणि 23-24 च्या आसपास जिथे रेष ओढली जाते तिथे तीन-चार गुणांनी निरोगी माणूस रुग्ण ठरतो. ही अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगड भागात हिंदी बोलणाऱ्या, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी एक रूप तयार केले गेले आणि ते 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी बोलायला सांगतात. मला ते काम फार मोलाचे वाटते. अशा कामाला नोबेल मिळत नाही, पण त्याच्याविना पुढचे सगळे आकडे डळमळीत राहतात.

अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांना एकत्र आणून एक सविस्तर चाचणीसंच बनवला, तो पहिल्यांदा पाच भाषांत आला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्या पाचांत नव्हती. सीमाभागातल्या माणसाला यावर एक ठसक्याचे वाक्य लिहिण्याचा मोह होतो. मी तो आवरते, कारण आमच्या आज्जींना नुसती मराठी प्रत मिळाली असती तरी आडूचा प्रश्न सुटला नसता. कन्नड प्रत त्यांच्यासाठी अवघड, पुण्याची मराठी प्रत परकी, आणि दोन्ही प्रती दिल्या तर दोन्हींत त्या थोड्या-थोड्या नापास.

स्थळ-काळाचे भान तपासणारे प्रश्न सर्वांत सोपे समजले जातात. आज कोणता वार, कोणता महिना, हे कोणते गाव, कोणते राज्य. नंदगडकडच्या एका आजोबांना माझ्या सहकाऱ्याने रीतसर विचारले, "हे कोणतं राज्य?" आजोबांनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "कागदावर कर्नाटक. आमचं म्हणणं काय हाय, ते तुमास्नी ठाव हाय." त्यानंतर न विचारता त्यांनी सांगितले की त्यांचा जन्म मुंबई राज्यातला, शाळेत गेले ते म्हैसूर राज्यात, लग्न झाले त्या वर्षी राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि या सगळ्या काळात त्यांनी घर एकदाही बदलले नाही. 1956 ची राज्य पुनर्रचना आणि 1973 चे नामांतर हे दोन्ही टप्पे त्यांनी स्वतःच्या आयुष्याच्या खुणांवर अचूक बसवले होते. गुणपत्रिकेत या सगळ्याला एक गुण. शिवाय उत्तरात ‘पण’ असल्यास काय करावे याबद्दल नियमपुस्तिका गप्प आहे. धारवाडच्या माझ्या सहकाऱ्याने हसत पूर्ण गुण दिला. बेळगावचे कागदोपत्री नाव 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून बेळगावी झाले आहे. आता ‘हे कोणतं शहर’ या प्रश्नालाही दोन बरोबर उत्तरे आहेत आणि दोन्ही ग्राह्य धरावीत, असे आम्ही लेखी ठरवून टाकले.

आकड्यांच्या प्रश्नाने मात्र मला खरोखर चकित केले. शंभरातून सात-सात वजा करताना उत्तरे येतात ती 93, 86, 79, 72, 65. मराठीत त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. कन्नडमध्ये तोंबत्तमूरु, एंबत्तारु, एप्पत्तोंबत्तु, एप्पत्तेरडु, अरवत्तैदु. कन्नड शब्द उघडून पाहिले तर नव्वद-तीन, ऐंशी-सहा, सत्तर-नऊ असे दशक आणि एकक ओळीने समोर येतात. मराठीत एकक आधी येतो, त्याचे रूप दर दशकाला बदलते, आणि 79 ला तर आपण सत्तरच्या घरात असूनही ऐंशीचे नाव घेतो : एकोणऐंशी, ऐंशीला एक उणे. ज्याला वजाबाकी करायची आहे त्याला हा एक जादा वळसा आहे. बेळगावच्या बाजारात तीस वर्षे भाजी विकलेल्या एका मावशींनी मराठीत विचारल्यावर शहाऐंशीपर्यंत झकास उतरत आणले आणि एकोणऐंशीला त्या अडखळल्या, "नव्याऐंशी… नाही…" म्हणत मागे गेल्या. पंधरा दिवसांनी तोच हिशोब त्यांनी माझ्या सहकाऱ्याला कन्नडमध्ये पासष्टपर्यंत न थांबता करून दाखवला. दुसऱ्या वेळी सरावाचा फायदा मिळतो हे खरे आहे, म्हणून एका मावशींवरून मी काही सिद्ध झाले असे म्हणणार नाही. पण बाजारात त्या कोणत्या भाषेत पैसे मोजतात असे विचारले तेव्हा त्यांनाही क्षणभर विचार करावा लागला, आणि मग त्या म्हणाल्या की गिऱ्हाईक बघून. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढी टीका झाली होती! त्या वेळी मीही हसणाऱ्यांत होते. आता हसत नाही.

हे सगळे इतक्या बारकाईने पाहण्याचे कारण असे की आमच्या भागातली माणसे मेंदूविज्ञानातल्या एका मोठ्या वादाच्या ऐन मध्यावर राहतात. 2007 मध्ये टोरंटोतील 184 रुग्णांच्या नोंदींवरून असे मांडले गेले की दोन भाषांत जगणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे चार वर्षे उशिरा दिसतात. त्यावर आक्षेप आला की कॅनडातले द्विभाषक पुष्कळसे स्थलांतरित असतात, आणि स्थलांतर करणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. मग 2013 मध्ये हैदराबादमधून सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 648 रुग्ण, त्यांतले 391 द्विभाषक, तेही तेलुगू, दखनी, हिंदी बोलत पिढ्यानपिढ्या तिथेच राहिलेले. आणि फरक साडेचार वर्षांचा. कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही तो दिसला, त्यामुळे शिक्षणाचा परिणाम भाषेच्या नावावर खपवला जातो आहे, हा आक्षेपही बराच मागे पडला. दोनपेक्षा अधिक भाषा येण्याचा मात्र जादा लाभ आढळला नाही. चार भाषा येतात म्हणून मिरवणाऱ्या आम्हा बेळगावकरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

त्यामागची कल्पना अशी आहे की दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या डोक्यात बोलताना दोन्ही भाषा जाग्या असतात आणि नको असलेली सतत दाबून धरावी लागते. हा आवर घालण्याचे काम ललाट खंड आणि त्याच्याशी जोडलेली खोलवरची केंद्रे करतात, आणि आयुष्यभराच्या या व्यायामाने मेंदूत काही शिल्लक साठते, जी आजार आल्यावर कामी येते. कल्पना आकर्षक आहे. मला ती आवडते, आणि म्हणूनच मी तिच्याकडे संशयाने पाहायला शिकले. कारण रुग्णालयात आलेल्यांची नोंद घेणे वेगळे आणि निरोगी माणसांना वर्षानुवर्षे पाहत राहणे वेगळे. दुसऱ्या पद्धतीच्या अभ्यासांचे 2017 मध्ये जे एकत्रित परीक्षण झाले, त्यात द्विभाषकांना स्मृतिभ्रंश कमी होतो असे दिसले नाही. त्यामुळे प्रश्न उघडा आहे. आणि तो सोडवायला जाल तर पहिली गरज अशा चाचणीची, जी दोन भाषांच्या माणसाला एका भाषेच्या पट्टीने मोजून आधीच तोट्यात किंवा फायद्यात ठेवणार नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या वरच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, आणि ग्रामीण भागात, स्त्रियांत व न शिकलेल्यांत प्रमाण अधिक आहे. खानापूर तालुक्यातली ओसरीवरची आज्जी या तिन्ही वर्णनांत बसते.

या विषयात शिरताना मला वाटले होते की मी अंधाऱ्या खोलीत बसून चमकणाऱ्या पडद्यावर मेंदू पाहीन. तसे दिवसही आले. ईईजी, म्हणजे डोक्यावर टोपीसारखी विद्युताग्रांची जाळी बसवून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याची पद्धत, ही माझी पहिली शिकवणी. हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या डोक्यावरून अशी पहिली नोंद घेतली. वाक्यात न शोभणारा शब्द आला की साधारण 400 मिलिसेकंदांनी लहरीत एक खोलगट वळण येते, हे 1980 मध्ये लक्षात आले. मधेच भाषा बदलली तर ते वळण कसे येते, हे पाहण्याची माझी फार इच्छा होती, आणि बेळगावात एका महाविद्यालयाने दिलेल्या खोलीत आम्ही नेता येण्याजोगे यंत्र मांडलेही. सगळ्यांना आधी फोन करून सांगितले होते की डोक्याला तेल लावून येऊ नका, कारण तेलाने त्वचेचा रोध वाढतो आणि संकेत गढूळ होतो. पहिल्याच सकाळी तीन आज्जी आल्या, तिघींच्या डोक्यावर चांगले चापून घातलेले खोबरेल, चापूनचोपून अंबाडा आणि एकीच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा. मोठ्या डॉक्टरांकडे जायचे तर विस्कटलेल्या केसांनी कसे जायचे, हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी बादलीत गरम पाणी आणवले, शिकेकाईची पुडी मागवली आणि एकेकीचे केस धुऊन, टॉवेलने कोरडे करून, विंचरून भांग पाडला. एकीने डोळे मिटून विचारले, "हेच शिकुलीस व्हय गे बेंगळूरात?" दुपारी साडेबारा वाजता पहिली नोंद सुरू झाली आणि बारा चाळीसला वीज गेली.

तरुण संशोधकांबद्दल लिहिताना बहुधा झोप न होणे आणि शोधनिबंध नाकारले जाणे यावर लिहिले जाते. ते आहेच. पैशाचेही आहे : ज्युनियर फेलोशिपची रक्कम 2023 च्या जानेवारीपासून महिना 37,000 आणि सीनियरची 42,000 झाली, त्याआधी ती 31,000 आणि 35,000 होती, आणि बंगळूरमध्ये त्यात खोलीभाडे देऊन जगता येते, पण पैसे वेळेवर आले तर. माझे एकदा पाच महिने आले नाहीत. त्या काळात मी वडिलांना खोटे सांगितले की खात्याचा काही तांत्रिक घोळ आहे, आणि धाकट्या भावाकडून, जो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, उसने घेतले. तो हिशोब अजून पूर्ण फिटलेला नाही आणि तो काही म्हणत नाही, हेच जास्त लागते. पण मला सर्वांत अवघड जाते ते गावातले ‘डॉक्टर’ हे संबोधन. मी मेंदूवर काम करते एवढे ऐकून शेजारचे काका एका संध्याकाळी एमआरआयची मोठी पिवळी पिशवी घेऊन आले. त्यांच्या घरातल्या वैनींना महिन्याभरापासून शब्द सापडत नव्हते. मी त्या अर्थाने डॉक्टर नाही, मला हे वाचून सांगण्याचा अधिकार नाही, हे मी तीनदा सांगितले. काकांनी फिल्म तरीही खिडकीच्या उजेडात धरून ठेवली. शेवटी मी बेळगावातल्या चेताविकारतज्ज्ञाकडे त्यांच्यासोबत गेले आणि वैनींना प्रत्येक प्रश्न मराठीत विचारून त्यांनी कानडीत दिलेले उत्तर डॉक्टरांना सांगत राहिले, कारण डॉक्टर बाहेरून आलेले, हिंदी-इंग्रजी बोलणारे होते. त्या दिवशी मी दुभाषी होते, आणि चार वर्षांत माझा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुठल्या दिवशी झाला असे वाटत नाही.

आता पुन्हा आडूकडे. बंगळूरला परतल्यावर शुक्रवारच्या बैठकीत मी तो टिंबाचा कागद मांडला. मॅडमचा पहिला कल पुनरावृत्तीकडे होता : आपण जनावरे मोजतो, शब्द नाही. सहकाऱ्याचे म्हणणे की आपण कपाटातून वस्तू काढण्याची क्षमता मोजतो आणि दुसऱ्या भाषेच्या कपाटात हात घालणे हे जादा काम आहे. मी विचारले की त्यांनी भाषा बदलली हे त्यांना स्वतःला कळले होते का? हे कोणालाच ठाऊक नव्हते, मी विचारलेच नव्हते. मग आम्ही ठरवले की गुणपत्रिकेत भाषेचा एक रकाना वाढवायचा, प्रत्येक शब्दापुढे ‘म’ किंवा ‘क’ लिहायचे, गुण दोन्ही प्रकारे काढून ठेवायचे, आणि कोणते गुण खऱ्या आजाराशी अधिक जुळतात हे पुढे आकड्यांनाच ठरवू द्यायचे. बैठक संपताना मला बरे वाटले. मी पुढच्या दौऱ्यासाठी दोनशे कोऱ्या प्रती छापून घेतल्या.

नवा कागद पहिल्याच घरी मोडला. इंग्रजीतल्या एका प्रचलित चाचणीत ओळखण्यासाठी कांगारू, पेंग्विन, हार्प आणि अकॉर्डियन यांची चित्रे असतात; आम्ही ती काढून घरातल्या वस्तू घेतल्या होत्या, त्यांत एक किल्ली होती. दार उघडून आम्हाला आत घेणाऱ्या आज्जींच्या कमरेलाच किल्ल्यांचा जुडगा होता, म्हणून मला या चित्राबद्दल खात्री वाटत होती. त्यांनी चित्र हातात घेतले, लांब धरले, जवळ आणले आणि म्हणाल्या, "कीली". मराठीत किल्ली, कन्नडमध्ये कीलि किंवा कीलिकै, आणि आपला मराठी शब्द मुळात तिकडूनच आलेला. आज्जींचा स्वर लांब होता, पण दात नसलेल्या तोंडातून ‘ल’चे द्वित्त निघाले असते का, हेही मला सांगता येत नव्हते. चावी म्हणाल्या असत्या तर ‘म’ लिहून मोकळी झाले असते, जरी तो शब्द पोर्तुगीजांकडून आलेला असला तरी. अण्णा, अक्का, तूप यांचेही तेच. माझ्या पेन्सिलीचे टोक ‘म’ आणि ‘क’ यांच्या मधे अडकून राहिले.

"आज्जी, हा शब्द मराठी की कानडी?" मी या वेळी विचारले.

त्यांनी चित्र मला परत दिले, कमरेचा जुडगा सोडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "हिला काय म्हणत्यात ते इचारलंस, मी सांगितलं. कुणाची हाय ते आता इचारुलीस व्हय?" मग आत जाऊन त्यांनी त्याच किल्लीने फडताळ उघडले आणि आम्हा दोघांसाठी लाडू आणले.

त्या रात्री बेळगाव स्थानकावर बंगळूरच्या गाडीची वाट पाहत मी आणि सहकारी दोनशे प्रती मांडीवर घेऊन बसलो आणि प्रत्येक पानावर पट्टीने एक उभी रेघ वाढवली. तिसऱ्या रकान्याला त्याने कन्नडमध्ये ‘एरडू’ लिहिले, म्हणजे दोन्ही. माझ्या गठ्ठ्यावर मी ‘दोन्ही’ लिहिले. गाडी सुटेपर्यंत एकशे चाळीस झाल्या होत्या, उरलेल्या हुबळीपर्यंत.